मुंबईतील रक्तकर्करोग संशोधनाची नव्वद वर्षे : मेहरबाई टाटा ते नेक्सकार-१९

१/ इ.स. १९३१. वेल्समधील एका शुश्रूषागृहात लेडी मेहरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पती सर दोराबजी टाटा हे त्या काळच्या हिंदुस्थानातील अग्रगण्य उद्योगपती. पैशाने मिळू शकतील ते सर्व उपचार त्यांच्या आवाक्यात होते. परंतु या रोगावर औषधच जगात कोठे नव्हते.

२/ पत्नीच्या स्मरणार्थ दोराबजींनी १९३२ मध्ये रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही निवर्तले. पुढे त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. ‘टाटाला दाखवले का?’ हा प्रश्न वसई-विरारच्या घरांतही आज विचारला जातो, त्याचा उगम हा असा आहे.

३/ या रुग्णालयात विकृतिशास्त्राचा पाया घातला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवणारी एक पुण्याची विदुषी म्हणजे कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ.

४/ पुढील अभ्यासासाठी कमलताई अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर जगवणे व वाढवणे हे गाय यांचे क्षेत्र. जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी १९५१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या. मायदेशी परतून कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

५/ शरीराबाहेर पेशी वाढवण्याला एवढे महत्त्व का? कारण आजच्या कार-टी उपचारात पेशी हेच औषध असते. आपल्या रक्तातील टी-पेशी शत्रू ओळखून मारतात. पण कर्करोगाची पेशी आपल्याच शरीरातून उपजलेली असल्याने पुष्कळदा त्यांना चकवते.

६/ १९८९ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एश्हार व त्यांच्या सहकाऱ्यांनी टी-पेशींना कृत्रिम ग्राहक-रेणू बसवण्याचा मार्ग दाखवला. आज या तत्त्वावर रुग्णाच्या टी-पेशी काढून घेतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात, त्या वाढवतात आणि पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. मग त्या सीडी-१९ ही खूण बाळगणाऱ्या बी-पेशींना हेरून मारतात. निरोगी बी-पेशीही त्यात बळी पडतात.

७/ २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या बालिकेवर हा उपचार झाला आणि ती रोगमुक्त झाली. २०१७ मध्ये अमेरिकेने या प्रकारच्या पहिल्या औषधाला मान्यता दिली. किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे ३ कोटी रुपये!

८/ हार्वर्डमधील संशोधनानंतर डॉ. राहुल पुरवार २०१३ मध्ये आयआयटी मुंबईत रुजू झाले होते. आयात न करता असे औषध येथेच घडवायचे, हे त्यांच्या गटाने ठरवले. अलका द्विवेदी यांच्यासारखे तरुण संशोधक या कामात होते. टाटा मेमोरियलचे डॉ. गौरव नरूला आणि डॉ. हसमुख जैन यांनी रुग्णांवरील चाचण्यांची धुरा वाहिली. २०१८ मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली.

९/ ४ जून २०२१. कोविडची दुसरी लाट ओसरत होती. खारघर येथील ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच केंद्रात भारतातील पहिला कार-टी उपचार झाला. कमलताईंनी जिथे प्रयोगशाळा उभारली, त्याच संशोधन संस्थेचा वारसा हे केंद्र चालवते.

१०/ ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने औषधाला केंद्रीय मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. इतर उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांवरील चाचण्यांत सुमारे ७३ टक्के जणांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. रोग उलटू शकतो. पण मेहरबाईंच्या वेळी असलेल्या शून्याशी ही तुलना करून पाहावी.

११/ किंमत अमेरिकेच्या मानाने अगदी अल्प, तरी २०२४ मध्ये ४० लाखांच्या घरात होती. वसई-विरारहून लोकलने परळ गाठणाऱ्या नोकरदार कुटुंबासाठी हा आकडा म्हणजे राहते घर विकण्याची वेळ. दोराबजींपाशी पैसा होता, औषध नव्हते. या कुटुंबासाठी औषध आहे, पैसा नाही. पहिली उणीव भरून काढायला नव्वद वर्षे लागली आणि त्यात एका विश्वस्त निधीचा, एका सार्वजनिक रुग्णालयाचा व एका सरकारी शिक्षणसंस्थेचा वाटा होता. दुसरी उणीवही अशाच सामाईक प्रयत्नांवाचून भरून निघणार नाही, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.