पुंडलिकाचा पाहुणा

‘मनापासून करणाऱ्याला थकवा येत नाही.’ आजाऱ्याला भेटायला आलेला पुणेकर चहाचा कप खाली ठेवता ठेवता हे वाक्य हमखास बोलतो आणि जोडीला पुंडलिकाचा दाखला देतो. म्हणून आधी दाखलाच तपासू. आईवडिलांची सेवा अर्ध्यावर टाकता येईना, तेव्हा पुंडलिकाने दारी आलेल्या देवाकडे वीट भिरकावली. एवढा मोठा पाहुणा आला तरी त्याला घटकाभर उठता आले नाही, कारण त्याच्या जागी बसणारे घरात दुसरे कोणी नव्हते. पाहुणाही कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. ‘सरक, पाय मी चेपतो’ असे तो म्हणाल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. (वारकऱ्यांनी क्षमा करावी.) पुंडलिकाची स्वतःची प्रकृती कशी होती, हे तर कुणी विचारलेलेच नाही.

दुसरा दाखला वाड्यातला. ‘आमच्या आजीनं सासूचं दहा वर्षं अंथरुणात केलं, कधी हूं की चूं नाही.’ असेलही. पण वाड्यात एक जण अंग पुसत असे तेव्हा दुसरी चुलीपाशी असे आणि समोरच्या बिऱ्हाडातली काकू तासभर येऊन बसे. आज कोथरूडच्या फ्लॅटमध्ये स्मृतिभ्रंश झालेला ऐंशीचा नवरा, पंचाहत्तरीची बायको आणि व्हिडिओ कॉलवर मुलगा. चार जणींचे काम एकीवर टाकायचे आणि वर परंपरेचे नाव घ्यायचे, ही लबाडी झाली. शिवाय त्या आजीचा रक्तदाब कोणी कधी मोजला होता?

याच पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांचे सेवासदन उभे राहिले. शुश्रूषा हे शिकून करायचे काम आहे, हे या संस्थेने शतकापूर्वी ओळखले आणि बायकांना ते शिकवले. आज ब्युरोकडून येणाऱ्या मावशींना पाळी असते, पगार असतो. तेच डायपर बदलणे, तीच कूस पालटणे घरच्या सुनेने केले की त्याचे ‘प्रेम’ होते आणि प्रेमाला पाळी नसते.

पूर्वपक्षाची एक शास्त्रीय आवृत्तीही आहे आणि ती झटकून टाकण्याजोगी नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत घरच्यांची काळजी घेणाऱ्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा 18 टक्क्यांनी कमी आढळला. पण ही सगळ्यांची मिळून सरासरी. 1999 सालच्या अभ्यासात जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्युदर 63 टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांना सेवा करूनही ताण नव्हता, त्यांचा वाढलेला दिसला नाही. म्हणजे मारते ते ओझे, सेवा नव्हे. 1995 सालच्या एका अभ्यासात तर स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावरची लहानशी जखम इतरांपेक्षा नऊ दिवस उशिरा भरली. प्रेम कमी पडले म्हणून कातडी भरून आली नाही, असे कोण म्हणेल?

आता स्मरणशक्ती. अमेरिकेतल्या युटा राज्यात, 2010 च्या अभ्यासात, जोडीदाराला स्मृतिभ्रंश असलेल्यांना स्वतःला तो होण्याचा धोका सहापट दिसला. एका अभ्यासावरून निकाल देऊ नये. नवरा-बायकोचे ताट आणि सवयीही सारख्याच असतात. पण लॅन्सेटच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे मोजली, त्यांतली रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकाकीपण आणि बैठेपणा ही करणाऱ्या माणसाच्या दिवसात किती सहज शिरतात पाहा. सारसबागेतले फिरणे सुटले, भजनी मंडळ सुटले, स्वतःची शुगर तपासायची ‘पुढच्या महिन्यात’, झोप तुकड्यातुकड्यांची. मग गॅस बंद केला की नाही हे आठवेना, तर आपण म्हणतो, ‘वय झालं.’

पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याचे करणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द गोड आहे. गोड शब्दाची मला थोडी धास्तीच वाटते, कारण शाल-श्रीफळ देऊन कामाला जुंपण्यात आपण पटाईत. पण तिथे शुभंकरालाही खुर्ची असते, बोलायची पाळी येते, ही मोठी गोष्ट.

शेवटचा आक्षेप असा की, करणाऱ्याने स्वतःकडे पाहायचे म्हणजे आजाऱ्याच्या तोंडचा घास काढायचा. न्यूयॉर्कमध्ये अल्झायमर झालेल्यांच्या 406 जोडीदारांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना त्यांच्यासाठी व कुटुंबासाठी समुपदेशनाच्या सहा बैठकी, आधारगट आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला मिळाला. रुग्णाला वेगळे औषध नव्हते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या घरांतल्या रुग्णांना शुश्रूषागृहात हलवण्याची वेळ सुमारे 557 दिवस पुढे गेली. तेवढे दिवस ते आपल्याच घरी, आपल्याच खिडकीशी बसले.