आंबील ओढा आणि पुण्याची पूररेषा

पुण्याच्या पुराचा इतिहास बहुधा १२ जुलै १९६१ पासून सांगितला जातो. त्या दिवशी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. हा इतिहास खरा आहे, पण तो दोनशे वर्षे आणखी मागे नेला पाहिजे, असे माझे मत आहे.

कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा पूर्वी आजच्या पेठांच्या भागातून वाहत मुठेला मिळे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीजवळ बांध घालून तो पश्चिमेला वळवला गेला. मोकळ्या झालेल्या जमिनीवर शहर वाढले. पेशवाईच्या नगररचनेचे कौतुक करताना हे काम आवर्जून सांगितले जाते, आणि मीही ते वर्गात शिकवतो. पण ओढा वळवल्याने त्याचे पाणी आटत नाही. धोका शहराच्या मध्यातून कडेला गेला.

पुढे त्या कडेला कोण राहायला आले? गाव सोडून आलेले, हमाली करणारे, शहर झाडणारे. त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. गावात गावकुसाबाहेर, शहरात ओढ्याकाठी.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. त्यानंतर ओढा सरळ करण्याचे कारण देऊन २४ जून २०२१ रोजी, कोरोनाच्या काळात आणि ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या झोपड्या पाडण्यात आल्या. न्यायालयाच्या स्थगितीने ते काम थांबले.

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या शास्त्राशी माझे भांडण नाही. पात्रात माणसाने राहू नये, हे पात्रात राहणाऱ्याला सर्वांत आधी कळते. प्रश्न असा की रेषेबाहेरची जमीन त्याला कोण देणार?

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. पुनर्वसन आधी, पाडापाडी नंतर. घर रोजगाराच्या टप्प्यात आणि हक्काच्या कागदासह. आणि वर कात्रजला डोंगर फोडणाऱ्यांना तोच कायदा, जो खाली झोपडीला लावला जातो. एवढे झाल्याशिवाय पूरनियंत्रण हे धोका पुन्हा एकदा कडेला ढकलण्याचेच काम राहील.