ओला शब्द, कोरडी भिंत

फर्दापूरहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे निघालं की 'फ्रेस्को' हा शब्द कानावर पडतोच. मीही तो वर्षानुवर्षं बिनदिक्कत वापरला. एकदा त्याचं मूळ पाहिलं आणि चपापलो.

'फ्रेस्को' इंग्रजीत आला इटालियनमधून. अर्थ, ताजा. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग द्यायचा. चुना वाळताना रंगाला धरून ठेवतो. अजिंठ्याची रीत निराळी. माती, भुसा, तंतू यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. याला 'टेम्पेरा' म्हणतात.

गंमत पाहा. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम फर्दापूरला मुक्काम करून या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेत होत्या. नंदलाल बोसही मदतीला होते. बाई टेम्पेराच्या जाणकार. चेन्नीनीचा चित्रकलेवरचा जुना इटालियन ग्रंथ त्यांनीच १८९९ मध्ये इंग्रजीत आणला होता. तरी १९१५ साली प्रतिकृतींचं पुस्तक निघालं, त्याचं नाव 'अजंता फ्रेस्कोज'! भिंतीवरच्या कुठल्याही चित्राला फ्रेस्को म्हणायची सवय इंग्रजीला जडली होती.

हा सैलपणा निरुपद्रवी नाही. खरा फ्रेस्को भिंतीचाच भाग होतो. अजिंठ्याचा रंग वरवर बसलेला आहे. ओल काय, नुसता हात लागला तरी त्याला महागात पडतं. आपला 'भित्तिचित्र' हा शब्द साधा, पण खोटं सांगत नाही. तोच वापरू या. आणि भिंतीपासून हातभर लांब उभे राहू या.