पहिलटकरणी: कोकणापासून ईडन प्रेरीपर्यंत

आपल्या समाजाचा इतिहास सांगायला बसले की लोक नवगावच्या किनाऱ्यापासून सुरुवात करतात. फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, घाण्यावर तेल काढून शनिवारी काम बंद ठेवणारे शनिवार तेली, डेव्हिड राहाबी, पलटणीतले सुभेदार, मुंबईत १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली पहिली मशीद. हे सर्व मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. पण त्या सातजणींपैकी कोणाला तरी त्या परक्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिवस गेले असतील, कोणीतरी शेजारीण धावून आली असेल, तिने नाळ कापली असेल, याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. माझा सारा जन्म प्रसूतिकक्षात गेला, म्हणून असेल कदाचित, मला इतिहास तेथूनच सुरू झालेला दिसतो.

या बाबतीत हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे उपकार मानले पाहिजेत. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघायला १९३७ साल उजाडले आणि तोही तेल अवीवमध्ये. त्यात त्यांनी राजे आणि पलटणीच नव्हे, तर घरातले रीतिरिवाजही टिपून ठेवले. पुरुषमाणसाने त्या काळी बाळंतपणाच्या रीतींना पुस्तकात जागा द्यावी, हे थोडेथोडके नव्हे.

पहिले बाळंतपण माहेरी, ही कोकणातली सर्वांचीच रीत आणि आपलीही. सातव्या महिन्यात ओटी भरायची, हिरव्या बांगड्या, मग भाऊ किंवा बाप येऊन मुलीला घेऊन जायचा. अलिबाग, पेण, रोहे, अष्टमी या गावांतून होडीने नाहीतर बैलगाडीने अवघडलेली पोर माहेरी पोचायची. घरातली अंधारी खोली तिच्यासाठी सारवून ठेवलेली असे. गावची सुईण कोणत्या जातीची, हे कोणी विचारीत नसे. कळा येऊ लागल्या की घरातली वडीलधारी माणसे ‘शेमा इस्राएल’ म्हणत. सारी प्रार्थना विसरलेल्या आपल्या पूर्वजांना तेवढे एक वाक्य येत होते आणि जन्म, लग्न, मरण सगळीकडे ते तेच म्हणत, हे आपण जाणतोच. नंतर शेगडी, ओव्याची धुरी, बाळंतशेपा, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू आणि तेल. तेल्यांच्या घरात आणखी काही कमी असेल, पण बाळाच्या अंगाला चोळायला तेल कधी कमी पडले नसावे.

या रीतींतल्या पुष्कळ गोष्टी चांगल्या होत्या. लाडवांत लोह होते, चुना होता. मालिशने मूल शांत झोपे. पण धुराने भरलेली बंद खोली आणि विळ्याने कापलेली नाळ यांनी किती जीव घेतले, याची मोजदाद नाही. शेजारच्या हिंदू घरांप्रमाणे आपल्याही जुन्या घरांत पाचवी-सहावीच्या रात्रीची भीती असे. त्या रात्री बाळंतिणीजवळ जागत बसायचे, दिवा विझू द्यायचा नाही. शिकलेली माणसे पुढे याला अडाणीपणा म्हणू लागली. मी स्वतः परिचर्येच्या वर्गात धनुर्वाताचा धडा शिकले तेव्हा चमकले. अस्वच्छ हत्याराने नाळ कापलेल्या बाळाला धनुर्वात होतो तो बहुधा चौथ्या दिवसापासून पुढे, आणि आठवड्याच्या आसपास मूल दूध ओढीनासे होते, जबडा आवळतो. म्हणजे सटवीच्या नावाने बायका जी भीती सांगत होत्या, ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या मरणांची होती. दिवस त्यांनी अचूक हेरला होता, कारण तेवढे कळले नव्हते. आठव्या दिवशी मुलाच्या सुंतेला एलियाहू हन्नाबीची खुर्ची मांडून घरात जो आनंद होई, त्यात मूल इथवर जगले याचा सुस्कारा मिसळलेला असला पाहिजे. भारतातून माता-बालकांचा हा धनुर्वात संपुष्टात आल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

मुलगा झाला तर चाळीस दिवस आणि मुलगी झाली तर ऐंशी दिवस आईने वेगळे राहायचे, हा तोराचा नियम, लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातला. आपल्या बायकांनी तो शतकानुशतके पाळला. आजच्या मुलींना हा दुजाभाव वाटतो आणि त्यांचे चुकत नाही. पण दाई म्हणून विचाराल तर सांगते, विहिरीवरून पाणी आणणे आणि जात्यावर दळणे यांतून ऐंशी दिवस सुटका मिळालेली बाई चाळीस दिवसवालीपेक्षा अधिक सावरलेली असे. मुलगी झाल्याचा एवढा तरी फायदा!

आता मुंबईकडे वळू. सरकारी नोंदीप्रमाणे १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ६०० हून अधिक मुले वर्षाच्या आत दगावली. हा आकडा थोडा फुगलेला आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात आणि मूल घेऊन शहरात परतत. जन्म गावी, मरण मुंबईच्या दप्तरात. तरीसुद्धा अंगावर काटा येतो. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, गिरणीत जाणाऱ्या आया आणि मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला दिलेली अफूची गोळी, हे त्या शहराचे चित्र होते.

याच शहरात डॉ. जेरुशा झिराड यांनी काम केले. आडनावावरून कळतेच की मूळ घराणे अलिबागजवळच्या झिराड गावचे. बाईंचा जन्म मात्र १८९० साली म्हैसूर संस्थानात शिमोग्याला झाला. शाळा पुण्याची, हुजूरपागेची. बहिणीच्या आजारपणात कामा हॉस्पिटल पाहिले आणि डॉक्टर व्हायचे ते इथेच काम करायला, असे त्या मुलीने ठरवले. १८८६ साली सुरू झालेले कामा हॉस्पिटल म्हणजे बायकांनी बायकांसाठी चालवलेले इस्पितळ. परपुरुषाने तपासण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायकांना तोच एक आधार होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ साली पदवी घेतल्यावर जेरुशाबाईंना विलायतेला जायचे होते. सरकारी शिष्यवृत्ती पुरुषांसाठी होती. त्या टाटांच्या कर्जाऊ मदतीवर निघाल्या आणि नंतर सरकारला त्यांना शिष्यवृत्ती द्यावीच लागली; ती मिळवणारी पहिली स्त्री त्याच. १९१९ साली त्यांनी लंडनची प्रसूतिशास्त्रातली एम.डी. घेतली. भारतीय स्त्रीने ती घेण्याची ही पहिलीच वेळ.

पुढे १९२८ ते १९४७ अशी एकोणीस वर्षे कामा हॉस्पिटल त्यांच्या हाताखाली होते. १९३७-३८ साली त्यांनी मुंबईतल्या मातामृत्यूंची पद्धतशीर चौकशी केली. बाई मेली, ‘देवाची मर्जी’ म्हणून सोडून द्यायचे नाही. ती कोणत्या महिन्यात पहिल्यांदा दाखवायला आली, नाळ कोणी कापली, ताप केव्हा चढला, रक्त किती होते, हे विचारायचे. आज साऱ्या जगात प्रत्येक मातामृत्यूची अशी छाननी करणे हा नियम झाला आहे. आपल्या समाजातील एका बाईने ती मुंबईत तेव्हा केली होती. १९५० साली भारतातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा महासंघ स्थापन झाला, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्ष. १९६६ साली पद्मश्री. १९८४ साली निधन. आपली मुले त्यांचे नाव ऐकून कोऱ्या चेहऱ्याने पाहतात, हे मला खरोखर लागते. त्यांनी १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजियस युनियन सुरू केली, त्यावरून समाजात वाद झाले. ते वाद आपल्या लोकांना आठवतात. बाळंतिणी विसरल्या जातात.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज बाई मुंबईत आल्या. परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. प्लेगची लस शोधणारे डॉ. हाफकिन आपलेच, ओदेसाचे यहूदी. तेथे या बाईंनी गर्भारपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. मुंबईच्या गरीब बायका पांढऱ्याफटक पडत आणि लोह देऊनही सुधारत नसत. लूसीबाईंच्या ध्यानात आले की मार्माइट, म्हणजे यीस्टचा तो काळा खारट लगदा, दिला की त्या चार-पाच दिवसांत टवटवीत होऊ लागतात. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. दहा वर्षांनी तो गुणकारी पदार्थ पालकाच्या पानातून वेगळा काढता आला आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. गर्भाच्या पाठीचा कणा नीट जुळायलाही तेच लागते, हे नंतर कळले. म्हणून अमेरिकेत १९९८ पासून सर्व पौष्टिक केलेल्या मैद्यात फोलिक ॲसिड घालणे सक्तीचे आहे. मी राहते त्या मिनेसोटात एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या पिठाच्या गिरण्या होत्या. मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या रक्तावरून कळलेली गोष्ट आज मिनियापोलिसच्या गिरणीवाल्यांच्या पिठातून माझ्या लेकीच्या पावात आली, आणि तिला ते ठाऊकही नव्हते.

लेकीला गेल्या वर्षी पहिली मुलगी झाली. ती राहते ते ईडन प्रेरी हे मिनियापोलिसच्या नैऋत्येचे गाव. एलिझाबेथ एलेट नावाच्या लेखिकेने १८५२ साली इथली फुललेली गवताळ माळराने पाहून हे नाव दिले. एदेन बागेतून निघताना हव्वेला वेणांचा शाप मिळाला, असे आपण वाचतो. एदेनच्या या माळावर मात्र भूल देणारे डॉक्टर पाठीत सुई टोचतात आणि पोरगी कळांमध्ये फोनवर बोलत बसते! माहेर विमानाने येते, डिंकाचे लाडू बॅगेत घालून.

हेही सहज मिळालेले नाही. १९४६ साली केरी मॅकविल्यम्स या पत्रकाराने मिनियापोलिसला अमेरिकेतल्या यहूदीद्वेषाची राजधानी म्हटले होते. यहूदी डॉक्टरांना इथल्या इस्पितळांत आपले रोगी दाखल करणे अवघड जाई. म्हणून समाजाने वर्गणी काढून १९५१ साली माउंट सायनाय हॉस्पिटल उघडले आणि त्याचे दार सर्वांना मोकळे ठेवले. ते १९९१ साली बंद झाले. तोवर यहूदी डॉक्टर हवे त्या इस्पितळात काम करू लागले होते. झिराडबाईंचे कामा आणि हे माउंट सायनाय, दोन्हींमागची गरज एकच, हे मला इथे आल्यावर समजले.

नातीच्या पहिल्या वर्षात आम्ही काय ठेवले आणि काय सोडले, ते नवख्या आज्यांसाठी लिहिते. मालिश ठेवले. जन्मल्याबरोबर मध चाटवणे सोडले. वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून घातक विषबाधा होऊ शकते. काजळही सोडले, त्यात शिसे असू शकते. बाळाला पालथे निजवणे तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ साली उताणे निजवायला सांगितले आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या मुलांची संख्या पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. कोकणात अंगणातले कोवळे ऊन मिळे. इथे जानेवारीत शून्याखाली वीस अंश, म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब रोज. सहाव्या आठवड्यात ती ओळखीचे हसली. पाचव्या महिन्यात वजन जन्माच्या दुप्पट झाले. मग पालथी पडली, बसती झाली, रांगत माझ्या चपलांपर्यंत पोचली. तिने माझ्या दंडावरचा देवीच्या लशीचा व्रण बोटाने दाबून पाहिला. तिच्या दंडावर तो कधी असणार नाही. सुखरूपपणाबद्दल बोललेला मलिदाही केला. पोहे, गूळ आणि ओला नारळ इथे भारतीय दुकानात मिळतात, पाच फळे तर बारमाही.

बारसे मात्र अडले. मुलाचे नाव सुंतेच्या दिवशी ठरते, प्रार्थना छापलेल्या असतात. मुलीच्या बाराव्या दिवशी आमच्या घरात पाळणा बांधून बायका गाणी म्हणत, ती कागदावर कोणी उतरवलीच नाहीत. आई गेली आणि तिच्याबरोबर अर्धी गाणी गेली. यातले नुकसान केवळ गाण्यांचे नाही. १९६२ साली इस्राएलच्या रब्बिनेटने आपल्या लोकांच्या लग्नांच्या वेळी आई, आजी, पणजी असे मागे मागे जात वंश तपासण्याचा आदेश काढला. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्वार्थाने यहूदी आहेत, असे जाहीर केले. विचारणा आईकडच्या वंशाची होती, आणि आमच्या घरातल्या जुन्या वहीत बापांची, आज्यांच्या बापांची नावे ओळीने आहेत; बायकांपैकी माझ्या पणजीचे तेवढे एक नाव, तेही अर्धे पुसलेले. नातीच्या जन्मानंतर मी नवी वही केली. पहिल्या पानावर तिचे नाव, मग तिच्या आईचे, माझे, माझ्या आईचे आणि आजीचे, प्रत्येकीचे जन्मगाव आणि सुईणीचे किंवा इस्पितळाचे नाव. पाचव्या ओळीच्या पुढे मला जाता आले नाही.

कोणा वाचक भगिनीकडे मुलीच्या बारशाची जुनी गाणी, आजीच्या हातची टिपणे किंवा कामा हॉस्पिटलातले झिराडबाईंच्या काळचे बाळंतपणाचे कागद असतील, तर संपादकांकडे जरूर पाठवावेत. माझ्या आजीच्या आईचे माहेर रोहे-अष्टमीकडचे होते, एवढेच आईच्या बोलण्यात येई. त्या बाजूच्या कोणाला आपल्या घरातली बायकांची नावे तोंडपाठ असतील, तर तीही हवी आहेत.