खोकल्याची बाटली

क्षयाचा विषय निघाला की शहाण्यासुरत्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : गरीब माणूस अडाणी, त्याला रोगाची लक्षणेच उमगत नाहीत. आमची स्वतःची शाळा सातवीत आटोपली. तरीही युनियनच्या कामाला लागल्यावर पहिली काही वर्षे आम्हीही हेच वाक्य घोकीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

या वाक्याची परीक्षा आपल्या देशात फार पूर्वी होऊन गेली आहे. १९५९ साली बंगलोरास राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तेथील डी. बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातले क्षयरोगी गाठून त्यांची विचारपूस केली; त्यांचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. शंभरांतल्या सुमारे ९५ रोग्यांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती. निम्म्याहून थोडे अधिक तर दवाखान्याची पायरीही चढून आले होते. तेथे पुष्कळांच्या हाती काय पडले? खोकल्याच्या औषधाची बाटली! अडाणी कोण ठरले, ते आपणच ठरवा. १९६२ साली आखलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने मग निराळी वाट धरली : रोगी जेथे आपण होऊन येतो, त्या साध्या दवाखान्यातच थुंकी तपासावी आणि औषध द्यावे.

वीसएक वर्षांपूर्वी यंत्रमागावरल्या एका कामगाराला आम्ही खडसावले होते. दोन महिने खोकला, संध्याकाळी कणकण, अंगावरचे कपडे ढिले झालेले. तो म्हणाला, "भाऊ, मला कळत न्हाई व्हय? पण चार दिवस माग सोडला तर पाचव्या दिवशी त्यावर दुसरा उभा राहतोय."

आम्ही त्याला तपासणीस नेले. औषध सुरू झाले, तशी मालकाला कुणकुण लागली आणि त्याचे काम बंद झाले. आम्ही मालकापुढे मद्रासचा दाखला ठेवला. तेथे १९५६ साली सुरू झालेल्या व १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही रोग्यांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात वर्षभर औषध दिले. गुण जवळजवळ सारखाच आला. घरच्यांना रोग लागण्याचे प्रमाणही वाढले नाही. जो संसर्ग व्हायचा तो बहुतांशी औषधापूर्वीच झालेला होता. मालकाने ऐकून घेतले आणि चहा मागवला; कामावर घेण्याचे नाव काढले नाही.

दोन महिन्यांत त्याला बरे वाटू लागले आणि तो गोळ्या सोडायला निघाला. अर्धवट औषधाने जंतू चिवट होतात, हे त्याच्या बायकोला आधी पटले. सहा महिने तिनेच पुरे करवून घेतले. पुढे पुष्कळ भांडून तो मागावर परतला. सोबत्यांनी त्याचा चहाचा कप वेगळा ठेवला होता. हा रोग खोकल्यातून, हवेवाटे पसरतो, कपाने नव्हे, हे आम्ही परोपरीने सांगितले. शेडच्या खिडक्या मात्र सूत तुटू नये म्हणून तशाच बंद होत्या.