मुंबईतील मुतखडे-परीक्षण आणि हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

‘ग्रेज ॲनाटॉमी’ (१८५८) या ग्रंथाचे चित्रकार म्हणून हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (१८३१–१८९७) वैद्यकाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. मात्र त्याच वर्षी ते मुंबईत आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये (स्थापना १८४५) शरीररचनाशास्त्राचे अध्यापक झाले आणि तेथील संग्रहालयातील मुतखड्यांचे त्यांनी परीक्षण केले, ही बाब बहुधा तळटीपेतच राहते.

त्या काळी मुतखड्याची ओळख रासायनिक कसोट्यांनी पटवीत. खड्याची पूड नायट्रिक आम्लात विरघळवून सुकेपर्यंत तापवावयाची; तांबूस अवशेषास अमोनिया लागताच जांभळा रंग उमटला, तर ते युरिक आम्ल. कॅल्शियम ऑक्झलेट आम्लात फसफसत नाही. परंतु तापविल्यावर त्याचे कार्बोनेट होते व मग ते फसफसते. फॉस्फेटांचे मिश्रण फुंकनळीच्या ज्योतीत वितळते. (बाह्यस्वरूपावरून वर्गीकरण त्याहून कितीतरी जुने आहे, सुश्रुताने वातज अश्मरीला काटेरी कदंबपुष्पाची उपमा दिली, तर इंग्रज शल्यविशारदांना तशाच खडबडीत ऑक्झलेट खड्यात तुतीचे फळ दिसले.) या कसोट्या स्वस्त होत्या आणि प्रमुख घटक ओळखण्यास पुरेशा होत्या. तथापि पूड होताच खड्यातील थरांचा क्रम नष्ट होई. खड्याचे केंद्र एका द्रव्याचे व कवच दुसऱ्याचे असू शकते. त्यांपैकी आधी काय साचले हे कळल्यावाचून खडा कशामुळे धरला, हे सांगता येत नाही.

कार्टर यांचे महत्त्व येथेच आहे. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खड्याची अंतर्रचना तपासली आणि १८७३ मध्ये मूत्राश्मरीची सूक्ष्मरचना व निर्मिती यांवर लंडनहून ग्रंथ प्रसिद्ध केला. डिंकासारख्या कलिल द्रव्याच्या सान्निध्यात क्षारांचे स्फटिक गोलाकार होतात, हे जॉर्ज रेनी यांनी दाखविले होते. कार्टर यांनी तोच विचार मुतखड्यास लावला. ‘कोणते द्रव्य?’ या प्रश्नाला ‘कसे साचले?’ हा प्रश्न जोडला गेला.

पुढे १९४७ मध्ये अमेरिकेत प्रीन व फ्राँडेल यांनी ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण विवर्तन यांच्या आधारे मुतखड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅल्शियम ऑक्झलेटची एकजलीय व द्विजलीय रूपे जुन्या कसोट्यांना सारखीच भासत. ती आता वेगळी ओळखता आली. अवरक्त वर्णपटमापनास तर एक-दोन मिलिग्रॅम पूड पुरते. मात्र तीही पूडच असल्याने आजही प्रयोगशाळेत खडा आधी कापून पाहावा लागतो आणि केंद्र व कवच यांचे नमुने निरनिराळे घ्यावे लागतात.