सालवारी

नागपूरच्या आमच्या घरात पणजोबांचा उल्लेख नेहमी ‘कलकत्त्याचे बी.ए.’ असा व्हायचा. ते आगगाडीत बसून इतक्या लांब शिकायला गेले असणार, असं मला लहानपणी वाटे. पुढे मीच तौलनिक साहित्यात एम.ए. करायला कोलकात्यात आले, बंगालीतून मराठीत अनुवाद करू लागले आणि इथलीच झाले. एका दुपारी अलीपूरच्या नॅशनल लायब्ररीत वेगळ्याच कामासाठी कलकत्ता विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरचा खंड मागवला होता. पानं उलटताना पदवीधरांच्या यादीत आमचं आडनाव दिसलं. नावासमोर कॉलेज होतं नागपूरचं.

उलगडा सोपा होता. १८८३ मध्ये सुरू झालेलं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज तेव्हा कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं होतं. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९२३ मध्ये. म्हणजे पणजोबा घरापासून चार गल्ल्यांवर शिकले आणि पदवी मात्र कलकत्त्याची मिळाली. घरातली दंतकथा छापील यादीतल्या एका ओळीने दुरुस्त केली.

विद्यापीठाचं कॅलेंडर म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका नव्हे. कलकत्ता विद्यापीठ २४ जानेवारी १८५७ रोजी स्थापन झालं. मुंबई आणि मद्रासची विद्यापीठंही त्याच वर्षातली. या विद्यापीठांनी लंडनच्या धर्तीवर कारभार बसवला आणि त्याबरोबर कॅलेंडर छापण्याची पद्धतही आली. नियम, नेमलेली पुस्तकं, अधिकारी, संलग्न कॉलेजं, उत्तीर्णांच्या याद्या असा सगळा ऐवज त्या जाडजूड खंडांत असे. वाचायला रुक्ष, पण एकाशेजारी एक खंड लावले की संस्थेचं चरित्र दिसू लागतं. १९१७ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकर प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक म्हणून कलकत्त्यात आले आणि १९३६ पर्यंत त्या पदावर राहिले. १९१९ मध्ये आशुतोष मुखर्जींच्या पुढाकाराने देशी भाषांत एम.ए. करण्याची सोय झाली. अशा घटना कुणाच्या आठवणीवर सोडाव्या लागत नाहीत. कपाटासमोर उभं राहून त्या सालवार शोधता येतात.

मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. आपल्याकडे शकावल्या होत्याच. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादात जेधे शकावलीतल्या नोंदीला वजन आलं. शकावली लिहिणारा फार काही समजावून सांगत नाही. त्याचा एकच नियम असतो: नवी नोंद जुनीच्या खाली येते, जुनीवर नाही.

हा नियम मी मोडला, म्हणून हे लिहिते आहे.

एम.ए. झाल्यावर पोटापाण्यासाठी मी या शहरातल्या एका विद्यापीठात, एका विभागाची संकेतस्थळावरची पानं सांभाळायचं काम तीन वर्षं केलं. विभागाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. शिक्षकांची नावं, प्रवेशाच्या सूचना, परीक्षांची वेळापत्रकं, अभ्यासक्रम हे सगळं विभागप्रमुखांच्या सहीच्या कागदावरून टाइप करून सर्व्हरवर चढवायचं. शिकवणं बंगालीत चाले, पानं मात्र इंग्रजीत. बंगाली मजकूर टाकला की कुणाच्या ना कुणाच्या संगणकावर चौकोनच दिसायचे. बंगालीत ‘भविष्यत्’ सारख्या शब्दाच्या शेवटी जो खंड-त येतो, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००५ साली. तोवर तो तीन चिन्हांची मोट बांधून आणावा लागे आणि मोट वाटेत सुटे. माझी सगळी हुशारी अशा गोष्टींत खर्च व्हायची.

अभ्यासक्रमाच्या फाइलचं नाव मी ‘सिलॅबस’ एवढंच ठेवलं होतं. नवा अभ्यासक्रम आला की त्याच नावाने नवी फाइल चढवायची. त्यामुळे दुवे बदलावे लागत नसत आणि पान नीटनेटकं राही. सर्व्हरवर त्याच नावाची फाइल चढवली की जुनी पुसली जाते, हे मला ठाऊक होतं. त्यात काही गमावतं आहे, असं वाटलं नव्हतं. सोडून गेलेल्या शिक्षकांची नावंही मी तशीच काढत असे. एका सत्रापुरत्या येऊन अनुवाद शिकवून गेलेल्या बाईंचं नाव सत्र संपताच काढलं. पान अद्ययावत ठेवल्याबद्दल कौतुक झालं.

बऱ्याच वर्षांनी एक फोन आला. ‘दिदी, तुम्हीच विभागाचं पान बघायचात ना?’ मुलगी त्या तीन वर्षांतल्या एका तुकडीची. दुसऱ्या राज्यात कॉलेजात नोकरी मिळत होती. पण तिथल्या नियमाप्रमाणे अमुक विषय एम.ए.ला पूर्ण पेपर म्हणून शिकल्याचा पुरावा हवा होता. गुणपत्रिकेवर नुसते पेपरांचे क्रमांक होते. विभागाच्या पानावर चालू अभ्यासक्रम होता, ज्यात त्या क्रमांकाचा पेपर भलताच होता. कचेरीतला कागद जागा बदलताना हरवलेला. ‘तुमच्याकडे जुनी फाइल असेल ना?’ नव्हती. त्या फाइलवर मी माझ्या हाताने दुसरी फाइल ठेवली होती. माझ्या पणजोबांची सव्वाशे वर्षांपूर्वीची परीक्षा मला एका दुपारी सापडली होती आणि तिची दहा-बारा वर्षांपूर्वीची सापडत नव्हती.

मग मी कायदे वाचायला बसले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातलं चौथं कलम इथे फार बोलकं आहे. त्याच्या पहिल्या भागात प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपले अभिलेख सूचीबद्ध करून नीट ठेवावेत असं म्हटलं आहे. दुसऱ्या भागात सतरा बाबी आपणहून प्रसिद्ध कराव्यात आणि दर वर्षी अद्ययावत कराव्यात असं आहे. जपा आणि बदला, या दोन आज्ञा एकाच कलमात शेजारी बसल्या आहेत. माझ्यासारख्या पान सांभाळणाऱ्यांनी दुसरी तेवढी ऐकली.

छापील पुस्तकाला आणखी एक आधार आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे भारतात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला द्यावी लागते. पण त्या कायद्याचं ‘पुस्तक’ म्हणजे छापील वस्तू. पडद्यावरचं पान त्यात येत नाही. ब्रिटनने २०१३ मध्ये संकेतस्थळंही अशा जतनाच्या कक्षेत आणली. जगातलं पहिलं वेब पान १९९० मध्ये ‘सर्न’ या संशोधन संस्थेत तयार झालं, पण त्याचं मूळ रूप कुणी राखलं नाही. हाती आहे ती नंतरची प्रत. जन्म देणाऱ्यांच्या हातूनही हे घडलं, यात मला थोडा दिलासा मिळतो, माफी नाही.

या शहराला जुनी रूपं जपता येत नाहीत, असंही नाही. जादवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये ‘बिचित्रा’ हा रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचा आणि छापील आवृत्त्यांचा संग्रह वेबवर खुला केला. त्यातल्या ‘प्रभेद’ या साधनाने एकाच रचनेचे निरनिराळे पाठ शेजारी ठेवून पाहता येतात. अनुवाद करताना मी तिथे तास घालवले आहेत. कवीने बदललेला शब्द मोलाचा असतो, हे आपल्याला पटलेलं आहे. विभागाने बदललेला पेपरही कुणाच्या तरी आयुष्यात तितकाच मोलाचा ठरू शकतो, हे पटायचं राहिलं आहे.

उपाय काही मोठा नाही. फाइलच्या नावात साल लिहायचं. जुनं पान काढण्याऐवजी ‘मागील वर्षे’ अशा फळीवर ठेवायचं. शिक्षकांच्या यादीत नावापुढे कधीपासून कधीपर्यंत, ते नोंदवायचं. आणि वर्षातून एकदा सगळं कागदावर छापून, शिवून कपाटात ठेवायचं. त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. हे काम कुणाचं, ते मात्र ठरवावं लागतं. माझ्या वेळी ते माझंच होतं.

त्या मुलीला तिचा अभ्यासक्रम अखेर वर्गमैत्रिणीच्या माहेरी, ट्रंकेत, जेरॉक्सच्या रूपात मिळाला. विभागाने त्यावर शिक्का मारून दिला. तोवर नोकरीची मुदत उलटून गेली होती. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. मी तिच्याकडून त्या कागदांची एक प्रत मागून घेतली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने साल लिहिलं आणि विभागात नेऊन दिली. त्यात नवव्या पेपरखाली, एका सत्रापुरत्या आलेल्या त्या बाईंचं नाव आहे.